वेणूच्या छातीतली जवारी

"हा आवाज कधीपासून आहे?" डॉक्टर पानसेबाईंनी कानातली नळी न काढताच विचारलं.

"महिन्याची होती तेव्हापासून," मी म्हणालो. आज सांगायला लाज वाटते, पण ते मी छाती पुढं काढून म्हणालो.

वेणू पुण्याच्या इस्पितळात तपासणीच्या उंच टेबलावर उघड्या अंगानं बसली होती. चार वर्षं पुरी झालेली, पण बघणारा अडीचची म्हणाला असता. बरगड्या एकेक मोजून घ्याव्यात. डॉक्टरांची तिला भीती नव्हती, कारण छातीला कान लावणारी माणसं तिला तान्हेपणापासून सवयीची. तिनं आपणहून फ्रॉक काढला होता आणि बाईंना बोटानं जागाही दाखवली होती.

"हितं ऐका. हितं जास्त येतंय."

"तुला कसं गं ठाऊक?"

"सगळी हितंच ऐकत्यात."

पानसेबाईंनी आमच्याकडं पाहिलं. माझी बायको इंदू फरशीकडं बघत होती. सगळी म्हणजे कोण, हे मग मलाच सांगावं लागलं.

आमची मिरज ही तंतुवाद्यांची पेठ. मी सुताराचा पोर, पंधराव्या वर्षी कासिमचाचांच्या हाताखाली तंबोरे करायला बसलो. तंबोऱ्याला मोठा भोपळा, लाकडी दांडी, चार तारा. पण जीव असतो तो हाडाच्या एका छोट्या पट्टीत. तिला घोडी म्हणतात. तार तिच्यावर जिथं टेकते ती जागा कानशीनं केसभर घासायची, ऐकायचं, पुन्हा केसभर घासायची. असं करता करता एका क्षणी तार नुसती वाजायची थांबते आणि गुणगुणायला लागते. त्या गुणगुणीला जवारी म्हणतात. चांगली जवारी लागली की मी अजून हात जोडतो. ती आपण केलेली नसते, आपण फक्त वाट मोकळी केलेली असते.

दिवसा हे काम आणि संध्याकाळी मारुतीच्या देवळात अच्युतबुवा मेहेंदळ्यांचं कीर्तन. बुवांच्या मागं तंबोरा घेऊन मी बावीस वर्षं बसलो. मला कीर्तनाचं वेड लहानपणापासून. बुवा पगडी घालून, उपरणं सावरून उभे राहिले, चिपळ्यांचा पहिला ठेका पडला, की माझ्या पोटात काहीतरी निवांत व्हायचं. त्यांनी रडवलं की रडायचं, हसवलं की हसायचं, आरती झाली की प्रसाद घेऊन घरी. आयुष्यात याहून जास्त मी काही मागितलं नव्हतं. एक मूल तेवढं मागितलं होतं. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर वेणू आली.

महिन्याची असताना ती माझ्या खांद्यावर झोपली होती. खाली ठेवताना माझा कान तिच्या छातीला लागला. एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंतची जागा मोकळी नव्हती. तिथं गुणगुण होती. हात ठेवला तर तंबोऱ्याच्या दांडीसारखी तळव्याला थरथर लागत होती. मी तिथंच खाली बसलो. मी इतकी वर्षं जे हाडावर घासून घासून काढलं, ते देवानं माझ्या लेकीच्या अंगात आयतं लावून पाठवलं होतं.

बुवांना सांगितलं. बुवांनी कान लावला आणि त्यांचे डोळे भरून आले. त्या वर्षीच्या हनुमानजयंतीच्या कीर्तनात त्यांनी वेणूला हातांवर घेतलं आणि भरल्या देवळाला सांगितलं की, लोकहो, आपण नाम घेता घेता गळा झिजवतो, या लेकराच्या छातीत देवानंच तंबोरा लावून धाडलाय. त्यानंतर आमच्या दाराशी माणसं येऊ लागली. म्हाताऱ्या बायका हात धुऊन, पदर डोक्यावर घेऊन यायच्या, वेणूच्या छातीला कान लावायच्या आणि डोळे पुसत जायच्या. तिला सगळा गाव 'तंबोऱ्याची वेणू' म्हणायचा.

इंदूला हे कधी आवडलं नाही. पोर दूध पिताना घामानं भिजते, चार घोट घेते आणि दमून सोडते, दर पावसाळ्यात छाती भरते, हे ती सांगत राहिली. "तुमी ऐकत बसा जवारी," ती म्हणायची, "माझी पोर वाढंना झालीया." वेणू दोन वर्षांची असताना सरकारी दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरनं चिठ्ठी लिहून दिली, पुण्याला मोठ्या इस्पितळात हृदय दाखवून घ्या म्हणून. ती चिठ्ठी मी पोथीत ठेवली. खूण म्हणून उपयोगी पडायची.

एवढं सगळं मी पानसेबाईंना सांगितलं. चिठ्ठीचं सांगितलं नाही. ते इंदूनं सांगितलं.

बाई रागावतील असं वाटलं होतं. त्या नुसत्या ऐकत होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, केसांत पांढरी बट. मग त्यांनी वेणूला पडद्यावर दिसणाऱ्या तपासणीला पाठवलं, ते झाल्यावर आम्हाला बसवलं आणि कागदावर पेनानं हृदय काढलं. खाली दोन कप्पे, मध्ये भिंत. भिंतीत एक गोल काढून तो काळा केला.

"इथं भोक आहे. जन्मतःच भिंत पुरी झालेली नाही. शरीराकडं जायचं रक्त दर ठोक्याला इथून जोरानं निसटतं आणि परत फुप्फुसात जातं. तुम्ही ऐकत होता तो त्या निसटण्याचा आवाज."

मी त्या काळ्या ठिपक्याकडं बघत राहिलो.

"पूर्वी आवाज मोठा असेल, नाही? कमी कधी झाला?"

"चार-पाच महिने झाले."

"तेव्हा बरं वाटलं असेल तुम्हाला."

इंदूनं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"बरं वाटायचं कारण नव्हतं," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं जादा रक्त झेलून फुप्फुसातल्या नळ्या आता घट्ट होऊ लागल्यात. दोन्ही बाजूंचा दाब सारखा होत चाललाय. दाब सारखा झाला की निसटणं कमी होतं, आणि आवाजही. तो पूर्ण थांबला असता तर मला काही करता आलं नसतं. भोक बुजवलं तर पोर तिथंच जाईल, नाही बुजवलं तर हळूहळू."

"आणि आता?" इंदूनं विचारलं.

"आता ते बघायचं. तिला प्राणवायू देऊन दाब मोजू. खाली आला तर दार अजून उघडं आहे."

दोन दिवसांनी मांडीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन ती तपासणी झाली. बाई स्वतः बाहेर आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "खाली येतोय. फार नाही, पण येतोय. मंगळवारी करू."

सोमवारी त्यांनी मला खोलीत बोलावलं, सही घ्यायला. काय काय होऊ शकतं ते एकेक सांगितलं. मी विचारलं की बुजवणार कशानं. हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते, तिच्यातलाच तुकडा कापून भोकाला ठिगळ लावायचं, असं त्या म्हणाल्या. म्हणजे ठिगळ तिच्याच अंगचं. आणि शिवणार कशानं? बाई हसल्या. खणातून त्यांनी एक पाकीट काढून दाखवलं. आत निळसर धागा होता, माझ्या डोक्यावरच्या केसापेक्षा बारीक. माझा जन्म जवारीसाठी तारेखाली सूत सरकवण्यात गेलेला, तरी तो धागा पाहायला मला खिडकीकडं जावं लागलं.

"चालत्या हृदयाला शिवता येतं हो?"

"नाही. ते थांबवावं लागतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तासभर," त्या म्हणाल्या. "रक्त यंत्रातून फिरवतो आणि गार औषध देऊन हृदय थांबवतो. रिकामं आणि गप्प. मग शिवतो."

"आणि मग सुरू कोण करतं?"

पेनाचं टोपण लावता लावता त्या थांबल्या. "ते उद्या सांगेन," म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी सातच्या सुमाराला अच्युतबुवा आले. मी बोलावलं नव्हतं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले, मिरजेहून एकटा आलेला. धोतर, कोट, डोक्याला कीर्तनातली पगडी, काखेत पिशवी. लिफ्टमधली माणसं वळून बघत होती.

वेणूला नेताना तिनं बुवांना पाहिलं आणि ढकलगाडीवरूनच फ्रॉक वर करू लागली. तिला वाटलं, ऐकायला आलेत. बुवांनी तिचा हात धरला आणि फ्रॉक खाली केला. त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. ज्या माणसाला मी बावीस वर्षांत शब्दासाठी अडलेला पाहिलं नव्हतं, त्याच्या.

दारं मिटली. पट्ट्यापट्ट्यांच्या खुर्च्यांची एक रांग होती, तिथं इंदू बसली. मी बसलो. बुवा भिंतीशी उभे राहिले.

थोड्या वेळानं मी म्हणालो, बुवा, बसा. त्यांनी मान हलवली. अर्ध्या तासानं मी उठून त्यांना खुर्ची दिली. त्यांनी ती नुसती बाजूला केली. मग माझ्या लक्षात आलं. कीर्तनकार गादीवर उभा राहिला की आरतीपर्यंत बसत नाही, मग कथा दोन तास चालो नाहीतर चार. बुवांचं कीर्तन सुरू झालं होतं. टाळ नाही, पेटी नाही, शब्दही नाही. पण ते उभे होते.

इंदू त्यांच्याकडं बघत नव्हती. आदल्या दिवसापासून मला ठाऊक होतं की तिच्या मनात काय खदखदतंय. माझ्यावर तिचा राग होताच, पण मी तिचा नवरा. बुवांवरचा राग निराळा होता. त्यांनी हातांवर घेऊन सांगितलं म्हणून सगळा गाव मानायला लागला, आणि गाव मानायला लागल्यावर एका बाईचं कोण ऐकतो.

नऊ वाजून गेल्यावर बुवाच बोलले. भिंतीला टेकून, हळू. "इंदू, मी तुझ्या लेकराची कथा करून टाकली गं."

"केली," इंदू म्हणाली.

"गादीवर उभा राहून खोटं बोललो. मला ते खरं वाटलं होतं. पण खोटंच ते."

तिच्या मांडीवर आतून परत आलेला वेणूचा फ्रॉक होता, त्याची घडी ती मोडत होती आणि पुन्हा घालत होती.

दहाच्या पुढं दार उघडलं. सिस्टर अन्नम्मा. केरळची बाई, बारा वर्षं पुण्यात, मराठी तिच्या पद्धतीची. पानसेबाईंनी तिला मधून मधून बाहेर येऊन सांगायला नेमलं होतं.

"आता हार्ट थांबवला आहे," ती म्हणाली. "भिऊ नका. मशीन चालू. डॉक्टर शिवते." आणि आत गेली.

मी आयुष्यात पुष्कळ शांतता ऐकली आहे. तंबोरा लावताना चार तारा हातानं दाबून गप्प करतो तेव्हाची शांतता, गाभाऱ्यातली शांतता. ही तसली नव्हती. दाराच्या पलीकडं माझी लेक होती आणि तिचं हृदय चालत नव्हतं. ती जिवंत होती आणि तिचं हृदय चालत नव्हतं. या दोन गोष्टी मी एकाशेजारी एक ठेवून पाहत होतो आणि त्या माझ्या डोक्यात मावत नव्हत्या. ठोका देणारा मी नव्हे, हे मी रोज देवापुढं म्हणत आलो होतो. ते किती खरं आहे हे मला त्या खुर्चीवर कळलं.

बुवांचे पाय थरथरत होते. धोतराच्या निऱ्या हलत होत्या.

तेव्हा इंदू उठली. तिनं खाली वाकून बुवांची पिशवी उघडली. त्यात काय असतं हे सगळ्या मिरजेला ठाऊक: चिपळ्या, उपरणं आणि बुक्क्याची पितळी डबी. कीर्तनात पूर्वरंग संपला, की कथेला हात घालण्याआधी कीर्तनकार थांबतो. वाद्यं थांबतात. यजमान पुढं होऊन त्याच्या कपाळाला बुक्का लावतो, गळ्यात हार घालतो. तेवढं झालं की उत्तररंग, म्हणजे आख्यान. तो मान यजमानाचा. आमच्या देवळात तो कधी कुठल्या बाईनं घेतलेला मी पाहिला नव्हता.

इंदूनं डबीत बोट बुडवलं आणि बुवांच्या कपाळाला बुक्का लावला. हार नव्हता. तिनं वेणूचा फ्रॉक त्यांच्या खांद्यावर टाकला.

"मधी थांबलंय नव्हं," ती म्हणाली. "तुमी उभं ऱ्हावा. पुढचं व्हायचंय अजून."

बुवांनी दोन्ही हात जोडले, आणि ते खांद्यावरचा फ्रॉक पडू नये म्हणून मान किंचित वाकडी करून उभे राहिले. पाय थरथरायचे थांबले, असं मी म्हणणार नाही. थरथरतच होते.

सव्वाअकरा. साडेअकरा. आतून कुणी आलं नाही. तासभर म्हणाल्या होत्या, तासावर वीस मिनिटं झाली. मी देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला आणि ते तोंडात येईना. तोंडात फक्त 'सुरू कर' एवढंच येत होतं, आणि ते मी कुणाला म्हणत होतो, देवाला, बाईंना की त्या मुठीएवढ्या हृदयाला, तेही कळत नव्हतं.

दार उघडलं. अन्नम्मा धावत नव्हती, पण चालतही नव्हती.

"चालू झाला," ती म्हणाली. "आपला आपण चालू झाला."

इंदू मटकन खाली फरशीवर बसली. बुवा उभेच राहिले, कारण आरती व्हायची होती. दीड वाजता वेणूला अतिदक्षता विभागात नेलं, तिला काचेतून पाहिलं, तेव्हाच ते बसले, आणि बसले ते दोन माणसांनी धरून उठवेपर्यंत त्यांना उठता आलं नाही.

पुढचे दोन दिवस नाजूक होते. फुप्फुसातल्या आवळलेल्या नळ्या केव्हाही दगा देतील असं सांगितलं होतं. एकदा दिला. वेणू निळी पडली, चार माणसं धावली, काचेवर पडदा ओढला गेला. तो पडदा पुन्हा उघडेपर्यंत काय झालं ते मी लिहिणार नाही. उघडला तेव्हा ती गुलाबी होती. तिचे ओठ गुलाबी मी चार वर्षांत पहिल्यांदा पाहिले, आणि आधी मला वाटलं की त्यांना काही लावलंय.

गुरुवारी दुपारी पानसेबाईंनी मला आत नेलं. हातपाय धुऊन, अंगात हिरवा डगला घालून.

"काल तुम्ही विचारलंत ना, सुरू कोण करतं?" त्या म्हणाल्या. सोमवारी विचारलं होतं, पण त्यांना सगळे दिवस एकच झाले असावेत. "शिवून झालं की आम्ही पकड काढतो. ऊबदार रक्त आत जातं. मग हात वर करून उभे राहतो. कधी विजेचा हलका धक्का द्यावा लागतो. हिला नाही लागला. आधी नुसतं शहारलं, गार पाण्यानं अंगावर काटा येतो तसं. मग एक ठोका पडला. मग थांबलं. मग दुसरा. का होतं ते सगळं मी शिकलेय, मुलांना शिकवतेसुद्धा. तरी त्या वेळी खोलीत कुणी बोलत नाही. अजून नाही."

मी त्यांच्या हातांकडं पाहिलं. बोटं माझ्यासारखीच, टोकाशी थोडी चपटी.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "आवाज कमी झाला की लोक उलट दवाखाना सोडतात. बरं झालं म्हणतात. तुम्ही तेव्हाच आलात. का?"

हा प्रश्न त्यांनी विचारू नये म्हणून मी इतके दिवस त्यांच्या समोर जास्त थांबत नव्हतो.

"आवाज परत यावा म्हणून," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं.

"मला वाटलं, देव निघून चाललाय. जवारी उतरत चालली होती. ती पुन्हा लावून मिळंल का, विचारायला आलो होतो. पोर आजारी आहे म्हणून आलो नव्हतो, बाई." मग जे इंदूलाही ठाऊक नव्हतं तेही बोलून टाकलं. "माझ्या उस्तादांनी, कासिमचाचांनी, दोन वर्षांपूर्वी तिच्या छातीला कान लावला होता. सगळ्यांनी लावला तसा. ते म्हणाले, हणमंत, जवारी घोडीवर असते. भोपळ्यातून गुणगुण आली तर आपण काय समजतो?"

"काय समजता?"

"भोपळ्याला चीर गेलीय असं समजतो. पहिल्या वर्षाचं शिकाऊ पोरसुद्धा सांगंल. तसा तंबोरा मी कुणाला विकत नाही. चाचांशी मी महिनाभर बोललो नाही."

यंत्रांची बारीक टिकटिक चालू होती. बाई वेणूच्या नाडीवर बोट ठेवून होत्या.

"चुकीच्या कारणानं का होईना," त्या शेवटी म्हणाल्या, "आलात, दार मिटायच्या सहा महिने आधी." आणि गळ्यातली नळी काढून त्यांनी माझ्या कानात घातली.

मी ऐकलं. एक ठोका, दुसरा ठोका. मध्ये काही नाही. अगदी मोकळी, स्वच्छ जागा. कुठल्याही पोराची असते तशी. सगळ्या जगातल्या पोरांच्या छातीत हे चाललेलं असतं आणि कुणी रांग लावून ऐकायला येत नाही. मी ती नळी काढूच शकेना. शेवटी त्यांनीच काढली.

संध्याकाळी वेणू नीट जागी झाली. आवाज बसलेला होता. आधी तिनं आईला पाणी मागितलं. मग छातीवरच्या पट्टीला हात लावला, थोडा बाजूला लावला, आणि तिचा चेहरा बदलला. जन्मापासून तिच्या आत काहीतरी थरथरत आलं होतं. ते नव्हतं.

"आण्णा," ती म्हणाली. "देव गेला?"

माझ्या जिभेवर दृष्टांत तयार होता. लावताना आवाज होतो, जुळलं की तारा वेगळ्या ऐकू येत नाहीत, असं काहीतरी. बावीस वर्षं बुवांच्या मागं बसल्यावर असल्या गोष्टी आपोआप येतात. मी तो गिळला. एका सुंदर वाक्यानं आधीच खूप नुकसान झालं होतं.

"तो देव नव्हता बाळा," मी म्हणालो. "तिथं भोक होतं. बाईंनी शिवलं. माझी चूक झाली."

तिनं थोडा विचार केला. "मग देव कुठं हाय?"

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो. देवळात वाढलेल्या माणसानं आपल्या लेकीला दिलेलं ते पहिलं खरं उत्तर असावं. इंदूनं पोरीच्या ओठांना ओला कापूस लावला आणि मला पाठीत हळूच चापट मारली. ती चापट मला अजून आठवते. तिच्यात सगळी शिक्षा होती आणि सगळी माफीही.

आम्ही मिरजेला परतलो. घरी जाण्याआधी मी कासिमचाचांच्या दुकानात गेलो आणि त्यांच्या पायाशी बसलो. चाचा म्हणाले, उठ, कानशी घे, सरस वाळतोय.

दोन महिन्यांनी बुवा पुन्हा गादीवर उभे राहिले. बातमी पसरलेली होती; देऊळ भरलं होतं. कुणाकुणाला अजून वाटत होतं की शस्त्रानं देवाचं वाद्य बिघडवलं. बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या आणि पूर्वरंगात कुठलंच निरूपण न करता सांगितलं की चार वर्षांपूर्वी याच जागेवरून मी तुम्हाला चुकीचं सांगितलं, त्यानं एका लेकराचा जीव जात होता. ज्यांनी कान लावला त्यांनी आपापल्या घरी जाऊन आपल्या मुलांच्या छातीला कान लावा, आणि काही ऐकू आलं तर माझ्याकडं येऊ नका, दवाखान्यात जा. एवढंच.

मध्यंतर झालं. बुक्का लागला. बुवा आख्यानाला सुरुवात करणार, एवढ्यात मागून पावलांचा आवाज आला.

बुवांचा एक नियम सगळ्यांना पाठ होता. कीर्तन चालू असताना पोर पळालं की ते तिथंच थांबत आणि पोराच्या आईबापांची अशी खरडपट्टी काढत की पुन्हा ते आठवडाभर तोंड दाखवत नसत. बायकांनी वळून पाहिलं. इंदू अर्धी उठली.

वेणू पळत होती. देवळाच्या भोवती, प्रदक्षिणेच्या वाटेनं. याआधी ती कधी पळाली नव्हती. चार पावलं भरभर चालली की मटकन खाली बसायची. पळायचं कसं हेही तिला नीट येत नव्हतं. हात पंखांसारखे दोन्हीकडं धरलेले, पावलं फरशीवर चपचप आपटत. ती गाभाऱ्यामागं गेली. आवाज लांब गेला. माझा तंबोऱ्यावरचा हात थांबला. ती दुसऱ्या बाजूनं पुन्हा आली, सगळ्यांच्या देखत निघून गेली आणि पुन्हा मागं गेली.

इंदू तिला धरायला निघाली तसा बुवांनी हात वर केला. तबला थांबला. पेटीचा भाता मिटला. "असू दे," बुवा म्हणाले. "ऐका."

चारशे माणसं गप्प बसून ऐकत होती. तेच देऊळ, तेच लोक, ज्यांनी तिच्या छातीला कान लावले होते. आता कुणाला जवळ जायची गरज नव्हती. दगडी फरशीवर ती पावलं कोपऱ्यातल्या माणसालाही ऐकू येत होती. गाभाऱ्यामागं गेली की सगळ्यांचा श्वास थांबायचा, समोर आली की सुटायचा. तिसरी फेरी. चौथी. बुवा डोळे मिटून उभे होते, एक हात वर. पाचव्या फेरीला माझ्या शेजारचा तबलजी बोटांनी मांडीवर मोजत होता.

सातव्या फेरीनंतर वेणू थेट कीर्तनाच्या गादीसमोर येऊन उभी राहिली. कपाळावर घाम, गाल लाल, आणि कुठलंही पोर धापा टाकतं तशा धापा.

"पाणी," ती म्हणाली.

बुवांनी आपल्या पुढ्यातला तांब्या उचलून तिला दिला. ती घटाघटा प्यायली. दमून सोडलं नाही, तळ दिसेपर्यंत प्यायली. मग बुवांनी डोळे पुसले, चिपळ्या हातात घेतल्या आणि उत्तररंग सुरू केला.